न्यायाधीश जॉन सिरिका : राष्ट्राध्यक्षांना हुकूम देणारा नाभिकाचा मुलगा

संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, १९ मार्च १९०४ रोजी, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात वॉटरबरी या गावी एका इटालियन कॅथलिक कुटुंबात एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव जॉन जोसेफ सिरिका. वडील लहानपणी इटलीतून आलेले. केस कापणे हा त्यांचा व्यवसाय. आई किराणा दुकान सांभाळून संसाराला हातभार लावत असे. वडिलांची तब्येत तोळामासा, त्यात हातात घेतलेला प्रत्येक धंदा बुडायचा. बरी हवा आणि बरी कमाई शोधत हे कुटुंब दक्षिणेकडील गावोगाव फिरले आणि शेवटी १९१८ साली राजधानी वॉशिंग्टन येथे स्थिरावले. ज्या शहरात हा मुलगा आला, त्याच शहरात पुढे पंचावन्न वर्षांनी तो देशाच्या राष्ट्राध्यक्षांना हुकूम सोडणार होता. पण त्या वेळी तसे कोणी म्हटले असते, तर त्याच्या वडिलांनीच ते हसण्यावारी नेले असते.

वाचकहो, जॉन सिरिका हे काही बुद्धीचे सागर नव्हते. हे आधीच सांगितलेले बरे, कारण मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना आपण त्यांना पाळण्यातच मोठे करून टाकतो. सतराव्या वर्षी त्यांनी कायद्याच्या महाविद्यालयात नाव घातले, पण शिकवलेले डोक्यावरून जाऊ लागले म्हणून महिनाभरात सोडले. पुढे जॉर्जटाऊन या जेज्विट धर्मगुरूंच्या विद्यापीठात प्रवेश घेतला, तोही एकदा अर्धवट टाकला. मग पुन्हा हिंमत बांधून गेले आणि १९२६ साली पदवी घेऊनच बाहेर पडले. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ते 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेत मुष्टियुद्ध शिकवत. स्वतःही रिंगणात उतरत. पदवीनंतर काही काळ तर वकिली करावी की मुष्टियोद्धा व्हावे, असाच त्यांना प्रश्न पडला होता! आईला हे मुळीच पसंत नव्हते. वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याची बातमी आली आणि प्रश्न सुटला. मात्र मुष्टियुद्धाचा नाद गेला नाही. जगज्जेते मुष्टियोद्धे जॅक डेम्प्सी हे त्यांचे जिवलग मित्र झाले. १९५२ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सिरिका यांनी ल्युसिल यांच्याशी विवाह केला तेव्हा वराच्या बाजूला साक्षीदार म्हणून डेम्प्सीच उभे होते.

वकिलीची पहिली वर्षे हलाखीची गेली. १९३० ते १९३४ ते सरकारी वकील होते. पुढे स्वतंत्र वकिली सुरू केली, पण कित्येक वर्षे पक्षकारांची वाट पाहण्यात गेली. या काळातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४४ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका चौकशी समितीने त्यांना आपला वकील नेमले. रेडिओ व दूरसंचाराचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाची ती चौकशी होती. समितीला खरे शोधायचे नसून प्रकरणावर पांघरूण घालायचे आहे, असे सिरिका यांना दिसून आले आणि त्यांनी सरळ राजीनामा दिला. हाताशी फारसे काम नसलेल्या माणसाने दिलेला हा राजीनामा आहे.

राजकारणाने ते रिपब्लिकन पक्षाचे. १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी इटालियन वंशाच्या मतदारांमध्ये आयझेनहॉवर यांचा प्रचार केला. उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते रिचर्ड निक्सन. १९५७ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश नेमले. तेथे त्यांची ख्याती कडक शिक्षा देणारा न्यायाधीश अशी झाली. कायदा जास्तीत जास्त जितकी शिक्षा सांगतो तितकी ते देतात, म्हणून वकीलमंडळींनी त्यांना 'मॅक्झिमम जॉन' असे नाव ठेवले होते. त्यांचे निकाल वरच्या न्यायालयात अनेकदा फिरवलेही जात. सेवाज्येष्ठतेनुसार १९७१ साली ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. तीन वर्षांनी सत्तरी गाठली की नियमाप्रमाणे ते पद सोडायचे होते. एका साध्या, कष्टाळू न्यायाधीशाची कारकीर्द तिथेच संपली असती.

पण १७ जून १९७२ उजाडला. त्या पहाटे वॉशिंग्टनमधील 'वॉटरगेट' नावाच्या इमारतसमूहात फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा पहारेकरी फेरी मारत होता. एका दाराचे कुलूप लागू नये म्हणून त्यावर कोणीतरी चिकटपट्टी लावलेली त्याला दिसली. त्याने ती काढून टाकली. पुढच्या फेरीत पाहतो तर पट्टी पुन्हा लावलेली! त्याने पोलिसांना फोन केला. सहाव्या मजल्यावर विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्यालय होते, तेथे पाच माणसे हातमोजे घालून, चोरून संभाषण ऐकण्याची यंत्रे घेऊन सापडली. त्यांच्याकडे शंभर डॉलरच्या कोऱ्या करकरीत नोटा होत्या. त्यांतला एक, जेम्स मकॉर्ड, हा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख निघाला. (ज्याच्या सावधपणामुळे हे सगळे उघडकीस आले तो फ्रँक विल्स मात्र पुढे हलाखीतच जगला आणि २००० साली गरिबीत वारला. त्याच्यावर कोणी चरित्र लिहिल्याचे फारसे दिसत नाही.)

व्हाइट हाऊसने हात झटकले. नोव्हेंबर १९७२ मध्ये निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. घरफोडीचा खटला पाच चोरटे आणि त्यांचे दोन म्होरके, हंट व लिडी, अशा सात जणांवर भरण्यात आला. मुख्य न्यायाधीश या नात्याने सिरिका यांनी तो स्वतःकडे घेतला. अध्यक्षांच्याच पक्षाचा न्यायाधीश असला म्हणजे निकालावर कोणी पक्षपाताचा शिक्का मारणार नाही, असा त्यांचा विचार होता.

जानेवारी १९७३ मध्ये खटला उभा राहिला. सरकारी वकिलांचे म्हणणे थोडक्यात असे की लिडी हाच या कटाचा मेंदू, त्याच्या वर कोणी नाही. पाच जणांनी गुन्हा कबूल करून टाकला, म्हणजे त्यांना प्रश्न विचारण्याची सोयच राहिली नाही. सिरिका अस्वस्थ झाले. पैसे कोठून आले? कोणी पाठवले? कशासाठी? वकील हे प्रश्न विचारीत नाहीत असे पाहून न्यायासनावरून ते स्वतःच विचारू लागले. नोटा कोठून आल्या, या प्रश्नावर एका आरोपीने सांगितले की त्या टपालाने, नाव नसलेल्या पाकिटातून आल्या. सिरिका यांनी त्याला तोंडावरच सांगितले की आपला यावर विश्वास नाही. वस्तीतल्या कोणत्याही दुकानदाराचा बसला नसता. ३० जानेवारीला उरलेले दोघे, मकॉर्ड आणि लिडी, दोषी ठरले. सारे सत्य बाहेर आलेले नाही, हे सिरिका यांनी भर न्यायालयात बोलून दाखवले. काही दिवसांतच, ७ फेब्रुवारीला, अमेरिकन सिनेटने ७७ विरुद्ध ० मतांनी चौकशी समिती नेमली.

आता शिक्षा सुनावायची होती. १९ मार्च १९७३ हा सिरिका यांचा एकोणसत्तरावा वाढदिवस. त्याच तारखेचे एक पत्र जेम्स मकॉर्डने त्यांना लिहिले. त्यात त्याने कळवले की आरोपींवर गुन्हा कबूल करून गप्प राहण्यासाठी राजकीय दबाव आणला गेला, खटल्यात खोट्या साक्षी झाल्या आणि या प्रकरणात आणखी माणसे आहेत. सिरिका यांनी हे पत्र दडवले नाही, की सरकारी वकिलांच्या हाती गुपचूप दिले नाही. २३ मार्चला भरलेल्या न्यायालयात त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. वाचता वाचता त्यांच्या छातीत कळ आली. वाचन संपताच त्यांनी काही मिनिटांची सुट्टी जाहीर केली आणि आत जाऊन बसले. बाहेर वार्ताहर दूरध्वनीकडे धावत सुटले होते.

त्या दिवशी लिडीला सहा वर्षे आठ महिने ते वीस वर्षे कैद झाली. गुन्हा कबूल केलेल्या पाच जणांना सिरिका यांनी तात्पुरती म्हणून कमाल शिक्षा सुनावली. हंटला पस्तीस वर्षे, इतर चौघांना चाळीस! चौकशीत खरे सांगाल तर अंतिम शिक्षा ठरवताना ते विचारात घेऊ, असे त्यांनी सुचवले. पुढे अंतिम शिक्षा खूपच कमी झाल्या, हे खरे. पण चाळीस वर्षांची टांगती तलवार ठेवून माणसाला बोलते करणे हा न्याय की जबरदस्ती? अनेक कायदेपंडितांनी तेव्हाही हे चुकीचे मानले, आणि आम्हालाही ते खटकते. शोध घेणे हे पोलिसांचे आणि वकिलांचे काम. न्यायाधीशच शोध घेऊ लागला तर आरोपीने दाद मागायची कोणाकडे? ज्या काळात शोध घेणारेच शोध घेईनात, त्या काळात सिरिका यांनी ते केले, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येते. पुढे कित्येक वर्षांनी बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून, बचावाच्या वकिलांना वगळून ते सरकारी वकिलांना भेटत असल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे.

मकॉर्डच्या पत्राने बांध फुटला. एकेक जण बोलू लागला. ३० एप्रिलला निक्सन यांचे दोन उजवे हात, हाल्डेमन आणि अर्लिकमन, यांना जावे लागले. त्यांचे वकील जॉन डीन यांना काढून टाकण्यात आले. १६ जुलैला सिनेट समितीपुढे अलेक्झांडर बटरफील्ड या अधिकाऱ्याने सांगितले की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात होणारे प्रत्येक संभाषण गुप्तपणे ध्वनिमुद्रित होत असते. देश अवाक् झाला. म्हणजे राष्ट्राध्यक्षांना काय ठाऊक होते आणि केव्हापासून, याचे उत्तर फितीवर नोंदलेले होते!

विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स हे हार्वर्डचे प्राध्यापक. त्यांनी ग्रँड ज्युरीसाठी नऊ फितींचे समन्स काढले. ग्रँड ज्युरी म्हणजे कोणावर खटला भरायचा हे पुरावे पाहून ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ. निक्सन यांनी फिती देण्यास साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे असे : राष्ट्राध्यक्ष सल्लागारांशी मोकळेपणाने बोलू शकले नाहीत तर राज्यकारभार चालणार नाही. शिवाय न्यायालय हे शासनाचे वेगळे अंग, ते राष्ट्राध्यक्षांवर सक्ती करू शकत नाही. राष्ट्राध्यक्ष चुकले तर काँग्रेसने महाभियोग चालवावा, तोच एक मार्ग.

हे म्हणणे वाटते तितके पोकळ नव्हते, हे लक्षात घ्यावे. गुप्ततेची गरज प्रत्येक जबाबदार माणसाला असते. प्रश्न एवढाच होता की एखादी गोष्ट गुप्त राहण्यास पात्र आहे की नाही हे ठरवायचे कोणी? ज्याच्यावर संशय आहे त्यानेच?

सिरिका यांनी जुनी पुस्तके काढली. १८०७ साली देशद्रोहाच्या एका खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या नावे समन्स काढले होते, तो दाखला त्यांना सापडला. २९ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांनी निकाल दिला. फिती आधी न्यायाधीशांकडे द्याव्यात. न्यायाधीश त्या एकांतात ऐकतील, देशाच्या कारभारातील खरोखर गुप्त भाग वेगळा काढतील आणि गुन्ह्याशी संबंधित भाग ग्रँड ज्युरीकडे देतील. म्हणजे त्यांनी गुप्ततेचा हक्क नाकारला नाही, पण त्या हक्काची मर्यादा ठरवण्याचे काम राष्ट्राध्यक्षांच्या हातून काढून घेतले. ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने हा निकाल उचलून धरला.

त्यानंतर जे झाले ते अमेरिकेत आजही शनिवारच्या रात्रीचे हत्याकांड म्हणून ओळखले जाते, अर्थात रक्त न सांडता. २० ऑक्टोबर १९७३ रोजी निक्सन यांनी ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांना कॉक्स यांची हकालपट्टी करण्यास सांगितले. त्यांनी राजीनामा दिला, पण आज्ञा पाळली नाही. त्यांच्या खालच्या अधिकाऱ्यानेही पाळली नाही, त्यालाही पद सोडावे लागले. तिसऱ्याने पाळली. देशभरातून तारांचा पाऊस पडला. सिरिका यांच्या हाती ना पोलीस होते ना सैन्य. राष्ट्राध्यक्षांनी हुकूम मानलाच नाही तर काय करायचे, याचा विचार करता करता ते न्यायालयाच्या अवमानाबद्दल दररोज दंड बसवण्यापर्यंत आले होते. तशी वेळ आली नाही. २३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांचे वकील उभे राहिले आणि निक्सन फिती देतील असे त्यांनी सांगितले. न्यायालयात क्षणभर कोणाचा विश्वासच बसेना.

पुढे कळले की नऊपैकी दोन फिती मुळात अस्तित्वातच नाहीत. नोव्हेंबरात आणखी एक धक्का : घरफोडीनंतर तीनच दिवसांनी, २० जून १९७२ रोजी, झालेल्या संभाषणाच्या फितीत साडेअठरा मिनिटे नुसती घरघर! राष्ट्राध्यक्षांच्या सेक्रेटरीबाईंनी साक्ष दिली की टेलिफोन घेताना चुकून भलतेच बटण दाबले गेले आणि पाय पेडलवर राहिला. पण त्याने फार तर पाचेक मिनिटांचा हिशेब लागत होता. सहा तज्ज्ञांनी तपासून सांगितले की ती जागा किमान पाच वेळा वेगवेगळी पुसलेली आहे. कोणी पुसली, हे कधीच सिद्ध झाले नाही.

डिसेंबरात सिरिका उरलेल्या फिती ऐकायला बसले. सोबत त्यांचे तरुण साहाय्यक टॉड क्रिस्टोफरसन, दोघांच्याही कानाला यंत्रे. २१ मार्च १९७३ च्या फितीत त्यांनी ऐकले की अटकेतील माणसांची तोंडे बंद ठेवण्यासाठी लाखो डॉलर कसे उभे करता येतील, याची चर्चा देशाचे राष्ट्राध्यक्ष शांतपणे करीत आहेत. ज्यांच्यासाठी सिरिका यांनी मते मागितली होती, तेच हे निक्सन. सिरिका यांना याचे अतिशय वाईट वाटले. त्यांच्यासारख्या साध्या देशभक्ताच्या मनात राष्ट्राध्यक्षपदाची जी प्रतिमा होती, तिला त्या खोलीत तडा गेला. त्याच महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाने त्यांना १९७३ सालचा मानकरी ठरवले.

पुढची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. सिरिका यांनी १९७४ च्या वसंतात आणखी चौसष्ट फिती देण्याचा हुकूम केला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २४ जुलै १९७४ रोजी आठ विरुद्ध शून्य मतांनी कायम झाला. त्या आठांत तिघे खुद्द निक्सन यांनी नेमलेले होते. फितीतून बाहेर आले की घरफोडीनंतर सहाव्याच दिवशी तपास थांबवण्याच्या बेताला निक्सन यांनी मान्यता दिली होती. ९ ऑगस्टला त्यांनी पद सोडले. नवे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी महिन्याभरात त्यांना संपूर्ण माफी दिली.

माफी वरच्याला मिळाली, खालच्यांना नाही. निक्सन यांच्या सहकाऱ्यांवरील खटला ऑक्टोबर १९७४ मध्ये सिरिका यांच्याचपुढे सुरू झाला. मुख्य न्यायाधीशपद त्यांनी सोडले होते, पण हा खटला त्यांच्याकडेच राहिला. निक्सन यांना साक्षीला बोलवावे अशी मागणी आली. ते रुग्णालयात होते. सिरिका यांनी तीन डॉक्टर पाठवून खात्री करून घेतली आणि त्यांना वगळले. १९७५ च्या पहिल्याच दिवशी माजी ॲटर्नी जनरल मिचेल, हाल्डेमन आणि अर्लिकमन दोषी ठरले. प्रत्येकी अडीच ते आठ वर्षे कैद. कायद्याचे राखणदार असलेले देशाचे सर्वांत मोठे सरकारी वकीलच तुरुंगात गेले. मात्र ऑक्टोबर १९७७ मध्ये तिघांनी आपल्या कृत्यांबद्दल पश्चात्ताप कळवला, तेव्हा त्याच 'मॅक्झिमम जॉन'ने त्यांच्या शिक्षा एक ते चार वर्षांवर आणल्या.

सिरिका यांना स्वतःला निक्सन यांची ही सुटका पटली नव्हती. त्यांच्यावरही इतरांप्रमाणे खटला चालायला हवा होता, असे त्यांचे मत होते. हा प्रश्न त्या वेळी अनुत्तरित राहिला. पन्नास वर्षांनी, १ जुलै २०२४ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यासंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की राज्यघटनेने केवळ राष्ट्राध्यक्षांना दिलेले अधिकार वापरताना केलेल्या कृत्यांबद्दल माजी राष्ट्राध्यक्षांवर फौजदारी खटला भरता येणार नाही आणि त्यांच्या इतर सरकारी कृत्यांनाही निदान प्राथमिक संरक्षण राहील. खासगी कृत्यांना संरक्षण नाही. वॉटरगेटच्या काळात हा नियम असता तर काय झाले असते, यावर तेथील कायदेपंडितांत मोठा वाद आहे. सिरिका काय म्हणाले असते, याचा अंदाज वाचकांनी करावा.

फेब्रुवारी १९७६ मध्ये एका सभेत भाषण करीत असताना त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. त्यातून ते वाचले. १९७९ साली त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले आणि १९८६ साली न्यायालयातून पूर्ण निवृत्त झाले. पत्नी आणि तीन मुले असा त्यांचा संसार होता. १४ ऑगस्ट १९९२ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टन येथेच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठ्याऐंशी. ज्या फितींसाठी एवढे रामायण घडले त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेल्या आहेत. पुसलेली साडेअठरा मिनिटे नव्या तंत्राने परत मिळवता येतात का, याचाही तेथे प्रयत्न झाला. २००३ साली तज्ज्ञांनी तो सोडून दिला.